कागदावरचा संघ: ईगल्सच्या चाहत्याचं मार्चमधलं गणित आलं कुठून?

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना, झाला की चाहते हिशेबाला बसतात. मैदानात सप्टेंबरपर्यंत काही नसतं, पण फिलाडेल्फिया ईगल्सचा पक्का चाहता तेव्हाच पुढच्या मोसमाचा संघ बांधायला घेतो. तिशी ओलांडलेल्या कॉर्नरबॅकला (बचावपटूला) सोडायचं, एका टॅकलचा करार नव्याने बांधून यंदाचा भार हलका करायचा, वाचलेल्या पैशात एक पास रशर (पुढे धावून हल्ला चढवणारा बचावपटू) घ्यायचा आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, पहिल्या फेरीत बचावफळीतला तरुण मुलगा उचलायचा. प्रत्येक नावापुढे डॉलरचा आकडा, शेवटी बेरीज, आणि ती बेरीज सॅलरी कॅपच्या, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेच्या, आत. 2025 मध्ये ही मर्यादा प्रत्येक संघाला 27 कोटी 92 लाख डॉलर होती. उन्हाळ्यापर्यंत रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) 90 जण ठेवता येतात, ऑगस्टअखेर 53 उरतात, आणि मोसमाबाहेर फक्त सगळ्यात महागडे 51 करार मोजले जातात. मुरलेल्या चाहत्याला हे सगळं तोंडपाठ असतं.

चाळीस वर्षांपूर्वी अशी योजना कुणाला लिहिताच आली नसती. खर्चाला मर्यादा नव्हती आणि दुसऱ्या संघाचा चांगला खेळाडू करार संपला तरी मोकळा होत नव्हता. आज जे नियम आपण गृहीत धरून आकडेमोड करतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी भांडणातून आला आहे. मालकांचं मालकांशी भांडण, खेळाडूंचं मालकांशी भांडण, संप, खटले. हा इतिहास फिलाडेल्फियातून पाहिला की चांगला उलगडतो, कारण त्यातल्या कितीतरी वळणांवर ईगल्स उभे आहेत.

पहिलं वळण बर्ट बेल यांचं. पेनसिल्व्हेनियाच्या माजी ॲटर्नी जनरलच्या या मुलाने 1933 मध्ये लड रे यांच्यासोबत ईगल्स हा संघ उभा केला. संघ हरायचा, प्रेक्षक यायचे नाहीत, आणि कॉलेजातले उत्तम खेळाडू शिकागो बेअर्स किंवा न्यूयॉर्क जायंट्सकडे जायचे, कारण तिथे पैसा होता आणि जिंकण्याची खात्रीही. मिनेसोटाचा फुलबॅक स्टॅन कोस्टका याच्यासाठी बेल यांनी खूप धडपड केली, तरी तो ब्रुकलिनकडे गेला. त्यानंतर मे 1935 मधल्या मालकांच्या बैठकीत त्यांनी सुचवलं की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड क्रमाने व्हावी आणि तळाच्या संघाने पहिला हात घालावा. बेअर्सचे जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचे टिम मारा या दोघांचं यात उघड नुकसान होतं, तरी दोघांनी मान डोलावली. लीगच टिकली नाही तर आपण खेळणार कुणाशी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या. आदल्या मोसमात फक्त दोन सामने जिंकलेल्या ईगल्सनी पहिलं नाव घेतलं जे बरवॅंगर याचं. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा तो पहिला मानकरी. पैशाचं जुळेना, म्हणून ईगल्सनी त्याचे हक्क बेअर्सना दिले. तिथेही जमलं नाही. बरवॅंगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. ड्राफ्टची पहिलीच निवड वाया गेली हे आज कुठल्याही योजनेत पहिल्या फेरीचं नाव ठामपणे लिहिणाऱ्याने जरूर आठवावं.

ड्राफ्टमुळे दुबळे संघ वर आले हे खरं. पण खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाशी बोलणी करायला आता एकच गिऱ्हाईक उरलं. तो म्हणेल तो भाव. चक बेडनॅरिक हा 1949 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, ईगल्सचाच. आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळणारा, 1960 च्या विजेत्या संघाचा कणा. हा माणूस मोसम संपला की काँक्रीट विकायचा. ‘ऑफसीझन’ म्हणजे तेव्हा पोटापाण्याची नोकरी.

1962 मध्ये आर. सी. ओवेन्स हा खेळाडू करार संपवून सॅन फ्रान्सिस्कोहून बाल्टिमोरला गेला आणि मालक हादरले. पुढच्याच वर्षी लीगचे प्रमुख, कमिशनर पीट रोझेल यांचा नियम आला: खेळाडू नेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची आणि ती किती, हे कमिशनर ठरवणार. भरपाईत आपला कुठला खेळाडू जाईल हेच कळत नसेल तर कोण कुणाला बोलावणार? 1976 मध्ये जॉन मॅकी या खेळाडूच्या खटल्यात अपील न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. तरी पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारात भरपाई ठरलेल्या तक्त्याने परत आली आणि वाटा पुन्हा बंद झाल्या.

1987 चा खेळाडूंचा संप मात्र फिलाडेल्फियाने जवळून पाहिला. मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने खेळवले. ईगल्सचे प्रशिक्षक बडी रायन यांनी आपल्या खेळाडूंना बजावलं होतं की जे करायचं ते सगळे मिळून करा, आणि ईगल्सची फळी फुटली नाही. शहर कामगार संघटनांचं. 4 ऑक्टोबरला बेअर्सविरुद्धच्या सामन्याला व्हेटरन्स स्टेडियमबाहेर ट्रकचालकांच्या संघटनेसह इतर कामगार निदर्शनं करत उभे राहिले. साठ हजारांहून अधिक माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये त्या दिवशी 4,074 प्रेक्षक होते. बदली खेळाडूंनी तिन्ही सामने गमावले आणि ते पराभव ईगल्सच्या खात्यावर कायमचे राहिले. मला विचाराल तर त्या संघाच्या इतिहासातले सगळ्यात अभिमानाचे पराभव तेच.

संप फसला, खेळाडू रिकाम्या हाताने परतले. मग खेळाडूंच्या संघटनेने वेगळा रस्ता धरला. 1989 मध्ये तिने कामगार संघटना म्हणून आपला दर्जाच सोडला, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खेळाडूंना थेट कोर्टात जाता यावं. मालकांनी त्या वर्षी ‘प्लॅन बी’ काढला होता: प्रत्येक संघाने 37 खेळाडू राखून ठेवायचे, बाकीचे मोकळे. म्हणजे ज्यांना बाजारात किंमत होती ते सगळे कुलपात. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जणांनी याला आव्हान दिलं. सप्टेंबर 1992 मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने प्लॅन बी कायद्याच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. काही दिवसांतच न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी चार खेळाडूंना अल्पमुदतीचं स्वातंत्र्य दिलं. त्यातला एक ईगल्सचा टाइट एंड कीथ जॅक्सन. त्याने बॅग भरली आणि तो मायामीला गेला.

त्याच सुमारास सगळ्या खेळाडूंच्या वतीने जो खटला दाखल झाला त्यावर नाव होतं रेजी व्हाइट याचं. ईगल्ससाठी 121 सामन्यांत 124 सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं) करणारा बचावपटू, पेशाने बाप्टिस्ट धर्मोपदेशक. 1993 च्या सुरुवातीला तडजोड झाली. खेळाडूंना ठरावीक वर्षांनंतर खरं स्वातंत्र्य, मालकांना त्या बदल्यात सॅलरी कॅप, शिवाय एखादा मोठा खेळाडू अडवून धरायला ‘फ्रँचायझी टॅग’. त्या वसंतात व्हाइट शहरोशहरी फिरला. मोठ्या शहरांचे संघ रांगेत असताना त्याने ग्रीन बे हे लीगमधलं सगळ्यात छोटं गाव निवडलं: चार वर्षं, 1 कोटी 70 लाख डॉलर. जानेवारी 1997 मध्ये त्याने तिथे सुपर बोल जिंकला. फिलाडेल्फियाने आपला सर्वोत्तम खेळाडू गमावला, पण आज ईगल्सचा चाहता दुसऱ्या संघाच्या खेळाडूचं नाव बिनधास्त आपल्या यादीत लिहितो ते व्हाइटच्या नावावरच्या त्या खटल्यामुळेच.

1994 मध्ये कॅप लागू झाली तेव्हा ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. आयपीएलच्या लिलावातली पर्स आपल्याला माहीत आहे, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. मेगा लिलावात बहुतेक संघ मोडून नव्याने उभा राहतो. इथे जुन्या करारांची सावली वर्षानुवर्षं पडत राहते.

समजा एका खेळाडूला पाच वर्षांचा करार दिला आणि सहीच्या वेळी अडीच कोटी डॉलर बोनस. पैसे त्याला लगेच मिळतात, पण कॅपच्या हिशेबात ते दर वर्षी पन्नास लाख असे पाच वर्षांत वाटले जातात. दोन मोसमांनंतर त्याला काढलं तर उरलेले दीड कोटी एकदम यंदाच्या खात्यावर येतात, खेळाडू संघात नसतानाही. यालाच डेड मनी म्हणतात. तोच निर्णय 1 जूननंतर घेतला तर यंदा पन्नास लाख आणि पुढच्या वर्षी एक कोटी. चाहत्यांच्या योजना बहुधा इथे फसतात: ‘याला काढा, पैसे वाचतील’ असं लिहायचं आणि प्रत्यक्षात खर्च वाढलेला असायचा.

चाहत्यांनी आपलं मत मोठ्याने मांडल्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंगही ईगल्सचाच. 17 एप्रिल 1999 ला न्यूयॉर्कच्या ड्राफ्टला फिलाडेल्फियातून एका रेडिओ कार्यक्रमाने जमवलेले चाहते बसने गेले. त्यांना रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, रिकी विल्यम्स हवा होता. महापौर एड रेंडेल यांचाही त्यालाच कौल. ईगल्सनी दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॉनवन मॅकनॅब याचं नाव घेतलं आणि मंचाकडे चालत आलेल्या त्या तरुण मुलाचं स्वागत हुर्यो करून झालं. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या. मॅकनॅबने ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात आणि एकदा सुपर बोलमध्ये नेलं. त्या हुर्योबद्दल शहराने त्याची मनापासून माफी मागायला हवी होती.

उलटही घडलं. संघाचे अध्यक्ष जो बॅनर यांच्या काळात ईगल्स कॅपच्या शिस्तीसाठी नावाजले गेले: तरुणांना लवकर दीर्घ करार, तिशीनंतर निरोप. 2009 मध्ये ब्रायन डॉकिन्स असाच डेनव्हरला गेला. पस्तिशीतला सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू), हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण तेरा मोसम त्या शहरासाठी अंग झोकून दिलेला माणूस होता तो, आणि लोकांच्या मनात ती सल अजून आहे. बेरजेत न बसणारी गोष्टही संघाचा भाग असते हे ईगल्सच्या चाहत्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

2011 च्या सामूहिक करारानंतर नवख्यांचे पगार कोसळले. 2010 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्या वर्षीच्या पहिल्या खेळाडूला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे सुमारे 2 कोटी 20 लाख. स्वस्तातला तरुण क्वार्टरबॅक सापडला की बाकी संघावर खर्च करायला मोकळीक, हे आजच्या प्रत्येक योजनेचं मूळ सूत्र तिथून आलं. ईगल्सनी 2020 मध्ये दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला, तो स्वस्त असतानाच 2022 मध्ये त्याचे पास झेलायला ए. जे. ब्राउन आणला, आणि 2023 मध्ये हर्ट्सला पाच वर्षांचा 25 कोटी 50 लाखांचा करार दिला. हे बसवणारे संघाचे जनरल मॅनेजर हावी रोझमन शाळकरी वयापासून लीगच्या संघांना नोकरीसाठी पत्रं लिहायचे. 2000 मध्ये ते ईगल्समध्ये उमेदवार म्हणून शिरले. त्यांची खासियत म्हणजे करारात ‘व्हॉइड’ वर्षं जोडणं: खेळाडू ज्या वर्षांत खेळणारच नाही, त्या वर्षांवरही बोनसचा भार ढकलायचा आणि कॅप वाढत राहील यावर भिस्त ठेवायची. ती भिस्त 2021 मध्ये डळमळली. महासाथीने स्टेडियम रिकामी केली आणि कॅप 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर आली. त्याच वर्षी क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला दुसरीकडे पाठवताना 3 कोटी 38 लाखांचा डेड मनी ईगल्सच्या माथी बसला. मग कॅप पुन्हा उसळली. 2024 मध्ये रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली आला, तो चेंडू घेऊन 2,005 यार्ड धावला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोलमध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला 40-22 हरवलं.

सध्याचा सामूहिक करार मार्च 2020 मध्ये खेळाडूंच्या 1,019 विरुद्ध 959 मतांनी मंजूर झाला. त्याने सतरावा सामना आणला आणि खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा किमान 48 टक्के केला. तो 2030 च्या मोसमापर्यंत चालेल. मालकांना अठरावा सामना हवा आहे. तो आला तर दुखापती वाढतील, 53 चा आकडा पुरणार नाही, आणि कॅपचा वाटाही नव्याने ठरवावा लागेल. त्या बोलण्यांत खेळाडूंची संघटना काय मिळवते यावर चाहत्याच्या पुढच्या दशकातल्या योजनेचे रकाने ठरतील.