सोलापुरात छतावर सोलर: अनुदान नेमके कुठे अडकते

सोलापुरात उन्हाला तोटा नाही. घराच्या छतावरच्या सोलरला केंद्राचे अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेचे अर्ज अडकतात ते कागदावर, आणि त्यातही वीजबिलावरच्या नावावर.

बिलावर ज्याचे नाव, तोच अर्जदार. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावे येत असेल तर आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, मालमत्ता कराची पावती आणि बाकीच्या वारसांची संमती तयार ठेवा. हे टाळून पॅनेल चढवले तर वीज मिळेल, अनुदान लटकेल. बँक खातेही त्याच नावाचे हवे. बिलावर आद्याक्षरे आणि पासबुकावर पूर्ण नाव असा फरक असेल तर तोही आधीच मिटवा.

जोडणी घरगुतीच लागते. शहराच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असतात. मागाच्या मीटरवर हे अनुदान नाही, घराच्या मीटरचा ग्राहक क्रमांक टाका. अपार्टमेंटमध्ये गच्ची सामाईक, तेव्हा सोसायटीचे ना-हरकत पत्र घ्या. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. जुने माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे छत) असेल तर आधी तुळया तपासून घ्या.

अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे कमाल ७८ हजार रुपये. ५ किलोवॅट बसवले तरी तेवढेच. यापूर्वी सोलर पॅनेलचे अनुदान घेतले असेल तर पुन्हा मिळत नाही.

सर्वांत महाग चूक पॅनेलची. पॅनेल ‘डीसीआर’च हवे, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. परदेशी सेल आणून इथे जुळवलेले पॅनेल स्वस्त पडते, पण त्यावर अनुदान नाही. पक्क्या बिलावर ‘डीसीआर’ आणि पॅनेलचे अनुक्रमांक लिहून घ्या. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे ना, तेही पाहा.

बाकी क्रम सरळ आहे: पोर्टलवर नोंदणी, मंजुरी, विक्रेत्याशी करार, उभारणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), तपासणी. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज नाही.

‘३० दिवसांत अनुदान’ हे लोक पॅनेल बसल्या दिवसापासून मोजतात. ते दिवस कमिशनिंग अहवाल (यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला) निघून तुम्ही पोर्टलवर बँक तपशील भरल्यावर सुरू होतात. पैसे येतात ग्राहकाच्याच खात्यात, म्हणून विक्रेत्याला आधी पूर्ण रक्कम द्यायची तयारी ठेवा. ३ किलोवॅटपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. आणि ‘शून्य बिल’ म्हणून कोणी गळ घातली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.