व्हेंटिलेटर काढण्याची वेळ कोणी ठरवायची?

अतिदक्षता विभागातले काही रुग्ण अर्धवट गुंगीत स्वतःच्या हाताने व्हेंटिलेटरला जोडलेली घशातली नळी ओढून काढतात. एकच धावपळ उडते, पुन्हा नळी घालायची तयारी होते. पण यांतल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना ती पुन्हा घालावीच लागत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी अशा घटनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच चित्र वारंवार दिसले. त्याचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. हे रुग्ण आज, कदाचित कालसुद्धा, आपला श्वास आपण घेऊ शकले असते. फक्त ते कोणी तपासून पाहिले नव्हते.

व्हेंटिलेटर फुप्फुसांना बरे करत नाही. तो दाबाने हवा आत ढकलतो आणि मूळ आजारावर उपचार होईपर्यंत वेळ मिळवून देतो. या वेळेची किंमत मात्र रुग्णाच्या शरीरालाच द्यावी लागते. नळीच्या कडेने तोंडातले जंतू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. नळीमुळे स्वरयंत्राला इजा होते. नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधे द्यावी लागतात, त्यातून भ्रम होतो, आणि हातापायांचे स्नायू झडू लागतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या त्या घुमटासारख्या स्नायूचे. जन्मापासून एक मिनिटही सुट्टी न घेतलेला हा स्नायू यंत्राच्या भरवशावर रिकामा बसतो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले. हे 14 दाते 18 ते 69 तास पूर्णपणे यंत्रावर होते. त्यांच्या श्वासपटलातले स्नायुतंतू तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांच्या तंतूंपेक्षा निम्म्याहूनही बारीक झाले होते. प्लास्टरमधून महिन्याभराने बाहेर आलेला हात कसा सुकलेला दिसतो ते आपण पाहिलेले असते. इथे तशी झीज दोन-तीन दिवसांतच झाली होती.

मग नळी लवकर काढून टाकावी, असे वाटेल. पण चुकीच्या वेळी काढली तर रुग्ण दमतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि घाईघाईत नळी पुन्हा घालावी लागते. ठरवून काढलेल्या नळ्यांपैकीही साधारण 10 ते 20 टक्के पुन्हा घालाव्या लागतात आणि अशा रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त असते. म्हणजे उशीर घातक, आणि घाईही घातक. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले या विषयावरचे सारे संशोधन या दोहोंमधली वेळ शोधण्यासाठी झाले आहे.

आधीच्या काळात हा निर्णय डॉक्टरांच्या अंदाजावर चाले आणि त्यामागे एक समजूत होती: यंत्राची मदत हळूहळू कमी करत न्यावी. 1970च्या दशकात त्यासाठी खास पद्धत आली. यंत्र मिनिटाला ठरावीक श्वास देई, मधले श्वास रुग्ण स्वतः घेई आणि यंत्राचे श्वास रोज थोडे थोडे कमी केले जात. ऐकायला हे इतके पटते, की वीसेक वर्षे या पद्धतीला कोणी फारसे आव्हान दिले नाही.

1990च्या दशकात दोन गटांनी ही समजूत तपासून पाहिली. फ्रान्सच्या लॉरां ब्रोशार यांच्या गटाचा अभ्यास 1994 मध्ये, तर स्पेनच्या आंद्रेस एस्तेबान यांच्या गटाचा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनीही आधी एक साधी चाचणी घेतली. रुग्णाला यंत्रापासून सोडवायचे, नळी तशीच ठेवायची, तिला ‘टी’ अक्षराच्या आकाराचा ऑक्सिजनचा जोड लावायचा आणि दोन तास पाहायचे. फ्रेंच अभ्यासात 456 पैकी 347 जण या चाचणीत टिकले, स्पॅनिश अभ्यासात 546 पैकी 416. दोन्हीकडे 76 टक्के! चारांतल्या तिघांना हळूहळू मदत कमी करण्याची गरजच नव्हती. ते आधीच तयार होते. माझ्या मते या साऱ्या संशोधनातला सर्वांत मोलाचा आकडा हाच आहे. त्यानंतर झालेली तुलना जास्त गाजली, पण ती उरलेल्या चौथ्या भागापुरती होती.

त्या उरलेल्या रुग्णांचीही गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्पॅनिश अभ्यासात त्यांना वेगवेगळ्या पद्धती दिल्या गेल्या. यंत्राचे श्वास थोडेथोडे कमी करण्यापेक्षा दिवसातून एकदा पूर्ण सोडून पाहण्याने नळी सुमारे तिप्पट वेगाने निघाली. प्रत्येक श्वासाला दाबाची मदत देऊन ती घटवत नेण्याच्या पद्धतीशी तुलना केली, तर दुप्पट वेगाने. फ्रेंच अभ्यासात मात्र दाबाची मदत घटवण्याची पद्धत सरस ठरली होती. दोघांचे एकमत झाले ते एकाच गोष्टीवर: यंत्राचे श्वास कमी करत नेण्याची जुनी पद्धत सर्वांत मागे पडली. याचे कारण मेंदूतल्या श्वसनकेंद्रात आहे. पुढचा श्वास यंत्र देणार की आपण घ्यायचा, हे त्या केंद्राला आधी कळत नाही. म्हणून यंत्राच्या श्वासाच्या वेळीही रुग्णाचे स्नायू जोर लावतच राहतात. आपण विश्रांती देतोय असे डॉक्टरांना वाटते, पण रुग्णाला ती मिळतच नाही.

मग चाचणी घेण्याइतका रुग्ण तयार आहे, हे ओळखायचे कसे? 1991 मध्ये यांग आणि टोबिन या संशोधकांनी एक सोपे गणित मांडले. मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या घ्यायची आणि एका श्वासात जाणाऱ्या हवेच्या लिटरमधल्या मापाने तिला भागायचे. मिनिटाला 20 श्वास, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे उत्तर 40. हा रुग्ण आरामात आहे. मिनिटाला 36 श्वास आणि प्रत्येकी जेमतेम 300 मिलिलिटर, म्हणजे 120. हा धापा टाकतोय. 105 ही त्यांनी सुचवलेली सीमारेषा. खाटेशेजारी उभ्याउभ्या काढता येणारा हा आकडा जगभर रुजला. पण 2006 मधल्या एका चाचणीत असे दिसले, की या आकड्याचा अडसर घातला तर रुग्णांना सुटायला उलट जास्त वेळ लागतो. आकडा चांगला असला, तरी रुग्णाला प्रत्यक्ष सोडून पाहण्याची सर त्याला येत नाही.

खरा बदल घडवला तो 1996 मधल्या एका साध्या प्रयोगाने. अमेरिकेत वेस्ली इली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 300 रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांतल्या प्रत्येकाची रोज सकाळी ठरावीक मुद्द्यांवर तपासणी व्हायची, पण त्यात बसणाऱ्याला स्वतःच्या श्वासावर सोडून पाहिले जायचे ते एकाच गटात. तपासणीच्या कामात परिचारिका आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी, सहभागी असत. रुग्ण टिकला, तर तसे डॉक्टरांना कळवले जाई. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. तरीही यंत्रावरचा काळ साधारणपणे 6 दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला आणि गुंतागुंतीचे प्रमाण 41 टक्क्यांऐवजी 20 टक्के राहिले. अनुभवी डॉक्टरांचा अंदाज सावधगिरीकडे झुकतो हे यातून उघड झाले. नळी घाईने काढल्याची चूक तासाभरात सर्वांना दिसते, दोन दिवस उशिरा काढल्याची कधीच कोणाला दिसत नाही. म्हणून रोजचा प्रश्न कोणाच्या मर्जीवर न सोडता कामाचा भाग करावा लागतो.

गुंगीच्या औषधांचा मुद्दा त्याच ओघात पुढे आला. झोपलेला रुग्ण श्वासाच्या चाचणीत उतरणारच कसा? 2000 मध्ये शिकागोतल्या क्रेस यांच्या गटाने ही औषधे दररोज काही वेळ थांबवून रुग्णाला जागे होऊ दिले. यंत्रावरचा काळ 7.3 दिवसांवरून 4.9 दिवसांवर आला. 2008 मध्ये जिरार्ड, इली आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: आधी जागे करायचे, मग श्वासाची चाचणी. 336 रुग्णांच्या या अभ्यासात नव्या पद्धतीच्या गटातले जास्त रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. या गटात स्वतःच नळी ओढून काढणारे अधिक निघाले, 6 च्या जागी 16. पण त्यानंतर नळी पुन्हा घालावी लागलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती.

यानंतरचे संशोधन तपशिलांकडे वळले. चाचणी दोन तासांची हवी की अर्ध्या तासाची? अर्धा तास पुरतो, हे 1999 मध्येच दिसले होते. 2019 मध्ये स्पेनमधल्या 18 रुग्णालयांतल्या 1,153 रुग्णांवर आणखी एक तुलना झाली. दाबाची थोडी मदत ठेवून घेतलेल्या अर्ध्या तासाच्या चाचणीनंतर 82 टक्के रुग्ण यशस्वीपणे सुटले, मदतीशिवायच्या दोन तासांच्या कठीण चाचणीनंतर 74 टक्के. परीक्षाच रुग्णाला थकवत होती. चाचणी पास झाल्यावर तासभर पुन्हा यंत्रावर ठेवून विश्रांती दिली आणि मग नळी काढली, तर ती पुन्हा घालण्याची वेळ कमी येते, असेही एका स्पॅनिश अभ्यासात आढळले. नळी काढल्यावर नाकावाटे जोरदार प्रवाहाने उबदार, दमट ऑक्सिजन देणे किंवा मास्क लावून यंत्राची मदत देणे, हे उपायही आता अनेक रुग्णांच्या कामी येतात.

चाचणीत न टिकणाऱ्यांच्या बाबतीत दोष नेहमी फुप्फुसांचाच नसतो. यंत्राचा दाब निघाला की हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, डाव्या बाजूला अधिक जोराने काम करावे लागते आणि हृदय अशक्त असेल तर फुप्फुसांत पाणी साचते. अशा रुग्णाला कधी कधी लघवी वाढवणारे औषध सोडवते. आणि श्वास उत्तम चालू असला, तरी खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद आहे का, नळीभोवती सूज आहे का, हे पाहिल्याशिवाय नळी काढता येत नाही.

एवढे सगळे माहीत असताना प्रत्यक्षात काय चालते? 50 देशांतल्या 481 अतिदक्षता विभागांतल्या 5,869 रुग्णांची पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 90 दिवसांच्या आत 65 टक्के रुग्ण यंत्रापासून सुटले होते. ज्यांना निदान एकदा सोडून पाहिले गेले, त्यांच्यापैकी 22 टक्क्यांच्या बाबतीत तो पहिला प्रयत्न सर्व निकष पूर्ण झाल्यानंतर पाच किंवा त्याहून जास्त दिवसांनी झाला. या उशिराशी ठळकपणे जोडलेली, आणि बदलता येण्याजोगी, एक गोष्ट त्या पाहणीत पुढे आली, ती म्हणजे रुग्णाला किती गाढ गुंगीत ठेवले आहे.