मजल्याच्या लाकडी तुळयांमधील छिद्रे आणि खाचा

नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा मजल्याखालून न्यायच्या तर लाकडी तुळया आडव्या येतात. तेव्हा एकतर तुळईच्या अंगातून आरपार छिद्र पाडले जाते, नाहीतर तिची कड कापून खाच पाडली जाते. दोन्हींत लाकूड कमी होते, पण ताकद सारखी कमी होत नाही. या कामाचे बहुतेक नियम याच फरकातून आले आहेत.

भार पडला की तुळई किंचित वाकते. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. उंचीच्या मध्यावर, म्हणजे उदासीन अक्षावर, वाकण्यामुळे येणारा ताणही नसतो आणि दाबही. २४० मिमी उंचीच्या तुळईला कडेने ४० मिमी खोल खाच पाडली, तर त्या जागची वाकण्याला तोंड देण्याची ताकद सुमारे ३१ टक्क्यांनी घटते, कारण ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याच तुळईच्या बरोबर मध्यावर ८० मिमीचे छिद्र पाडले, तर घट ४ टक्क्यांच्या आत राहते. म्हणून छिद्राने काम भागत असेल तिथे खाच पाडूच नये. पाइप वरून टाकणे सोपे जाते एवढ्यासाठी ओळीने सगळ्या तुळया खाचत जाणे हा मजल्यावर केलेला अन्यायच आहे.

आधाराजवळ मात्र गणित उलटते. तिथे वाकण्याचा जोर कमी असतो, पण कर्तनाचा, म्हणजे लाकडाचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर सर्वाधिक, आणि तो नेमका मध्यावर एकवटतो.

ब्रिटनमधील प्रचलित नियम हे दोन्ही जोर सांभाळतात. छिद्र उंचीच्या मध्यावरच असावे, त्याचा व्यास उंचीच्या पावपटीपेक्षा जास्त नसावा आणि आधारापासूनचे त्याचे अंतर गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, ०.२५ ते ०.४ पट असावे. खाच उंचीच्या आठव्या हिश्श्यापेक्षा खोल नसावी आणि ०.०७ ते ०.२५ पट अंतरातच असावी. ४ मीटर गाळ्यात छिद्रांची जागा १ ते १.६ मीटर आणि खाचांची ०.२८ ते १ मीटर, असे दोन्ही टोकांकडून मोजावे. शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांत किमान तीन व्यासांइतके अंतर लागते.

अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता छिद्राला उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत मुभा देते, पण वरच्या-खालच्या कडेपासून आणि इतर छिद्र-खाचांपासून २ इंच अंतर राखायला सांगते. खाचेची खोली तिथे एक-षष्ठांशापर्यंत चालते, मात्र गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच अजिबात नाही. दोन्ही देशांचे नियम मिसळून आपल्या सोयीचा आकडा उचलू नये; काम जिथे असेल तिथलीच संहिता पाळावी.

हे आकडे साध्या चिरीव लाकडासाठी आहेत. कारखान्यात बनलेल्या आय-आकाराच्या तुळईच्या वरच्या-खालच्या पट्ट्या कधीही कापू नयेत. मधल्या फळीतली छिद्रे उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच पाडावीत. कैचीचा, म्हणजे दांडे त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्याचा, एकही दांडा अभियंत्याच्या लेखी आराखड्याशिवाय कापू नये. वर भिंत उभी असेल किंवा मोठा टब बसणार असेल, तर साध्या तुळईसाठीही अभियंत्याचे मत घ्यावे.

खाचेचा काटकोनी कोपरा फार घातक. जोर तिथे एकवटतो आणि चीर लाकडाच्या रेषांच्या दिशेने धावत जाते. म्हणून कोपऱ्यांच्या जागी आधी छोटी छिद्रे पाडून मग करवतीने कापावे. करवत त्या छिद्रापलीकडे जाऊ देऊ नये. टेकलेल्या टोकाशी खालून पाडलेली खाच तुळईला आडवी उकलू शकते. गाठ किंवा जुनी चीर दिसली तर जागा बदलावी.

दोन तुळयांमधल्या अरुंद जागेत काटकोनी ड्रिल उपयोगी पडते. मोठे पाते लाकडात अचानक अडकले की यंत्र उलट फिरते आणि मनगट पिरगळते, म्हणून पकड दोन्ही हातांची हवी आणि वेग कमी. आत आधीच तार किंवा पाइप नाही ना, हे पाहून वीज बंद करूनच सुरुवात करावी. गरम पाण्याच्या पाइपासाठी छिद्र थोडे सैल ठेवावे. नाहीतर पाइप प्रसरण पावताना लाकडाला घासून टकटक करतो. तार किंवा पाइप कडेच्या फार जवळ असेल तर तिथे पोलादी पट्टी ठोकतात, म्हणजे फळीचा खिळा त्यात घुसत नाही. या पट्टीने कापलेल्या तुळईची ताकद परत येत नाही.

मर्यादेबाहेर कापलेल्या तुळईशेजारी नवी तुळई बोल्टांनी जोडतात. त्याआधी खालून टेकू देऊन तुळईला आलेला बाक शक्य तितका काढून घ्यावा लागतो, आणि नवी तुळई शक्यतो दोन्ही आधारांपर्यंत पोहोचवावी लागते.