डॉल्फिनच्या बोटीची वेळ रोज वेगळी का?
(देवबागला आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

"आमचा मित्र मागच्या आठवड्यात सकाळी सातला गेला होता, आम्हालाही सातचीच बोट द्या." हंगामात हा फोन रोज येतो. वाळूत टेकलेल्या बोटीत बसून कारण सांगण्यापेक्षा ते आधीच कागदावर दिलेलं बरं.

आमच्या बोटी कर्ली खाडीत उभ्या असतात. डॉल्फिन बघायचे तर खाडीच्या मुखातून समुद्रात जावं लागतं, आणि मुखाशी वाळूचे दांडे आहेत. भरतीला बोट सहज निघते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाट अरुंद होते, लाट दांड्यावर फुटते. त्यात भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. मित्राचे सात तुमचे सात नसतात ते यामुळे.

हिशेब घरबसल्या जमतो. कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. सुकती त्यानंतर सहा तासांनी. म्हणून अष्टमीला आम्ही उजाडताच निघतो, पुनवेला साडेआठच्या आत नाही.

मग दुपारी का नको? सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, समुद्र सपाट असतो, डॉल्फिनची पाठ लांबून दिसते. दुपारकडे खारा वारा सुटला की पाठ कुठली नि लाट कुठली कळत नाही, आणि अर्ध्या लोकांना बोट लागते.

सगळ्यात जास्त सकाळी वाया जातात त्या "नाश्ता करून येतो" या वाक्यामुळे. दहा जणांचा नाश्ता अर्ध्या तासात उरकत नाही, आणि पाणी थांबत नाही. बोटीआधी चहा-बिस्किटं आम्ही देतो, घावणे परत आल्यावर तव्यावरून थेट पानात. भरल्या पोटापेक्षा हलक्या खाण्यावर बोट कमी लागते, हाही फायदाच.

डॉल्फिन दिसतीलच असं आम्ही कधी लिहून देत नाही. देणाऱ्यांना जरूर विचारा, कसे ते. डॉल्फिन जवळ आले की आमचा तांडेल (बोट चालवणारा) इंजिन बंद करतो; "पाठलाग करा ना" म्हणालात तरी करणार नाही. पाठलाग केला की ते बुडी मारून दूर निघतात, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. दिसले नाहीत म्हणून पैसे परत मिळत नाहीत, डिझेल जळलेलं असतं. हवेमुळे आम्हीच बोट काढली नाही तर मात्र पूर्ण परत.

त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा पट्टा, त्याचं उलटं आहे. तिथे वाळूवर उतरायचं तर पाणी उतरलेलं हवं. डॉल्फिन आणि आयलंड एकाच फेरीत दर वेळी जमेलच असं नाही.

कासवांची पिल्लं बघायची म्हणून काही जण थेट इकडे येतात. कासवांसाठी प्रसिद्ध असलेलं वेळास मंडणगड तालुक्यात आहे, इथून जवळपास दिवसभराचा रस्ता. आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला घरटी होतात. फेब्रुवारीनंतर येत असाल तर आधी विचारा, आम्ही चौकशी करून ठेवतो.

बुकिंग करताना तारीख आणि माणसं सांगा, लहान मुलं वेगळी सांगा, त्यांची लाइफ जॅकेटं वेगळी असतात. वेळ आदल्या संध्याकाळी कळवू. कुडाळला रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिल्या सकाळची बोट घेऊ नका, दुसऱ्या दिवशीची घ्या. जून ते ऑगस्ट बोटी बंद. खोल्या आणि जेवण चालू.