स्पीकर तोच, खोली वेगळी

लातूर-बीडकडच्या जुन्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंती आणि तुळयांच्या छताखाली, जो स्पीकर स्वच्छ वाजतो, तोच नव्या स्लॅबच्या रिकाम्या खोलीत कर्कश वाटू शकतो आणि अभंगाचे शब्द एकमेकांत मिसळतात. यात दोष स्पीकरचा नसतो. घरात कानावर पडणाऱ्या आवाजाचा मोठा भाग स्पीकरकडून सरळ आलेला नसून भिंती, फरशी आणि छतावरून परावर्तित झालेला असतो.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी 1890 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात आसनांवरील गाद्या सभागृहात कमी-जास्त ठेवून आवाज विरण्याचा काळ मोजला. त्यांच्या सूत्रानुसार, 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच खोलीचे पृष्ठभाग आदळणाऱ्या ध्वनिऊर्जेपैकी सरासरी 4 टक्केच शोषत असतील, तर आवाज 60 डेसिबलने उतरायला, म्हणजे जवळपास विरून जायला, सुमारे अडीच सेकंद लागतात. तोवर गायकाचे पुढचे कितीतरी शब्द येऊन गेलेले असतात.

तरीही परावर्तन म्हणजे शत्रू, ही समजूत मला चुकीची वाटते. बाजूच्या भिंतीवरून 1 मीटर जास्त अंतर कापून येणारा ध्वनी जेमतेम 3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मेंदू त्याला वेगळा प्रतिध्वनी न मानता मूळ ध्वनीत सामावून घेतो; दिशा मात्र आधी पोहोचलेल्या ध्वनीवरूनच ठरवतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये हे प्रयोगांनी दाखवले. अशा परावर्तनांमुळे संगीताला ऐसपैसपणा येतो. अर्थात, भिंत परत पाठवते तो स्पीकरने बाजूला फेकलेला आवाज. म्हणूनच समोरचा आणि बाजूचा असे दोन्ही आवाज एकसारखे असलेले स्पीकर श्रोत्यांना अधिक आवडतात, असे कॅनडातील ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या चाचण्यांत आढळले.

खर्जाचे, म्हणजे खालच्या स्वरांचे, गणित निराळे आहे. समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल तर 43 हर्ट्झ (सेकंदाला 43 कंपने) आणि त्याच्या पटीतील कंप्रतांना खोलीच साथ देते. त्यामुळे मृदंगाच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) नाद भिंतीलगत फुगतो आणि काही ठिकाणी दबतो. 86 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबीच जवळपास 4 मीटर असल्याने भिंतीवर टांगलेली गोधडी त्याला अडवू शकत नाही. ती फक्त वरच्या पट्टीतला कर्कशपणा कमी करते. खर्जासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि आपली बैठक भिंतीपासून थोडी पुढे सरकवून, नाद सारखा ऐकू येईल अशी जागा शोधावी.