थायरॉइडच्या सुईचा रिपोर्ट: ‘कॅन्सर नाही’ की ‘माल पुरला नाही’?

गळ्यातल्या गाठीच्या एफएनएसीचा, म्हणजे सुईच्या तपासणीचा रिपोर्ट हाती पडला की घरचे आधी ‘कॅन्सर’ हा शब्द शोधतात. तो दिसला नाही की नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यातून थेट गणेशपेठचं बसस्टँड गाठून गावाकडची एसटी धरतात. पण हा शब्द नसलेल्या रिपोर्टांत दोन तऱ्हांची नेहमी गल्लत होते, आणि त्या दोहोंपैकी दिलासा एकातच आहे.

बेथेस्डा ही असे रिपोर्ट १ ते ६ गटांत बसवायची पद्धत. बेथेस्डा २ म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या आणि त्या साध्या गाठीच्या निघाल्या. बेथेस्डा १ म्हणजे निदान करण्याइतका माल स्लाइडवर आलाच नाही. या पद्धतीच्या २०२३ च्या आवृत्तीत कॅन्सर निघण्याचं सरासरी प्रमाण बेथेस्डा २ मध्ये ४ टक्के, तर १ मध्ये १३ टक्के दिलं आहे. हे आकडे ऑपरेशन झालेल्या गाठींवरून काढलेत, आणि ऑपरेशन जास्त करून संशयाच्या गाठींचं होतं, म्हणून थोडे चढेच. तरी फरक लक्षात घ्यावा असा आहे.

‘पुरेशा’ला माप आहे: फॉलिक्युलर पेशींचे (थायरॉइडच्या मूळ पेशींचे) किमान ६ पुंजके, प्रत्येकात किमान १० पेशी, तेही स्पष्ट दिसणारे. दाट कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्रव) भरपूर असेल तर कमी पेशींवरही बेथेस्डा २ देता येतं.

सगळ्यात जास्त फसगत पाण्याच्या गाठीत होते. सिरिंजमध्ये तपकिरी पाणी येतं, गाठ बसते, पेशंट खूश होतो. पाण्यात नुसते मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या पेशी) असतील तर रिपोर्ट बेथेस्डा १ चाच. पॅपिलरी कॅन्सरही (थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर) कधी कधी पाणी धरतो, आणि त्याच्या पेशी भिंतीलगतच्या घट्ट भागात बसलेल्या असतात. म्हणून पाणी काढल्यावर सोनोग्राफीत बघत सुई त्या घट्ट भागात घालावी.

माल वाया जातो तो बहुतेक रक्तामुळे. थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर. जाड सुईने जोरात ओढलं की पेशी रक्तात हरवतात. २५ किंवा २७ गेजची बारीक सुई, ओढ न देता मागेपुढे हलवायची आणि हबमध्ये, म्हणजे सुईच्या मागच्या टोकात, रक्त दिसताच बाहेर घ्यायची. असं २ ते ५ वेळा, दर वेळी गाठीच्या वेगळ्या भागातून.

दुसरा शत्रू म्हणजे सुकणं. पॅप या रंगाने रंगवायची स्लाइड पसरल्याबरोबर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जायला हवी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर आणि डोक्यावर पंखा; स्लाइडवर नाव लिहीपर्यंत थर सुकतो, केंद्रक फुगून फिके पडतात आणि पॅपिलरी कॅन्सर ओळखायच्या खाचा पुसट होतात. नावं आधी लिहा, बरणीचं झाकण आधी उघडा, पंखा बंद करा. जिम्सा या दुसऱ्या रंगाच्या स्लाइड मात्र मुद्दाम हवेतच सुकवायच्या.

बेथेस्डा १ आलं तर सोनोग्राफीखाली पुन्हा सुई; बहुतेकांना तेव्हा उत्तर मिळतं. बेथेस्डा २ आलं, पण सोनोग्राफीत गाठ रुंदीपेक्षा उंच, कडा वेड्यावाकड्या किंवा आत कॅल्शियमचे बारीक कण दिसले असतील, तर वर्षाच्या आत सोनोग्राफी आणि सुई दोन्ही पुन्हा करायला हवीत.