आवळायचं आहे, कुंथायचं नाही
ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामासाठी आमच्या फिजिओथेरपी दवाखान्यात येण्याआधी एवढं वाचा

"मॅडम, दोन महिने मोबाईलवर बघून केगल करतेय, फरक शून्य." केगल म्हणजे हेच तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की आता पहिल्याच भेटीत म्हणतो, करून दाखवा बरं. मग श्वास रोखला जातो, पोट पुढे येतं, गाल फुगतात. म्हणजे ताई कुंथत असतात! ही सवय मोडण्यातच पहिल्या दोन भेटी जातात, तुमचे पैसे जातात, आमचाही वेळ जातो. म्हणून हा कागद.

पुढे ओटीपोटाच्या खाली हाताला लागणाऱ्या हाडापासून (जघनास्थी) मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय यांचा भार तिच्यावर. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वर्षानुवर्षं उचललेलं ओझं यांनी ती सैलावते. मग शिंकताना लघवी निसटते, खाली जड वाटतं, कुणाचं अंग बाहेर येतं. कुंथलं की हीच झोळी आणखी खाली ढकलली जाते. दुखणं बरं करायला निघालात आणि रोज तीनदा वाढवत बसलात, असा प्रकार.

घरी पडताळून पाहा. टॉवेलाची घट्ट गुंडाळी करून ती लाकडी खुर्चीवर पुढून मागे अशी लांबीने ठेवा आणि तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसा. चारचौघांत वारा सरायची वेळ आली की आपण जिथे गुपचूप आवळून धरतो, तिथेच आवळा. ती जागा टॉवेलपासून किंचित वर उचलल्यासारखी वाटली तर बरोबर. टॉवेलावर दाब वाढला तर ते कुंथणं. हे करताना तोंडाने अंक मोजा. बोलता येत नसेल तर श्वास अडकलाय. मांड्या आणि ढुंगण मोकळे. आणि आवळल्यावर पूर्ण सैल सोडा. ही अर्धी गोष्ट सगळे विसरतात.

जमलं की एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत निकाल मागू नका. खोकला-शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायची सवय लावा, तिचा उपयोग लवकर दिसतो. लघवीची धार मध्येच तोडून व्यायाम करू नका, पिशवी नीट रिकामी होत नाही.

"व्हॉट्सॲपवर चार्ट पाठवा ना" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, आणि त्याचा राग येतो हे माहीत आहे. पण काहींची झोळी सैल नसतेच, उलट आखडलेली असते. संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. आवळण्याचा चार्ट दिला तर दुखणं वाढतं. ज्यांच्यावरून 'केगल' हे नाव पडलं ते अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल. १९४८ साली त्यांनी ही पद्धत मांडली तीसुद्धा दाब मोजणाऱ्या उपकरणासकट. बाई बरोबर आवळतेय का, हे तपासल्याशिवाय त्यांनाही पटत नसे. आमची पहिली भेट पाऊण तासाची असते ती यासाठी. आतून तपासणी लागलीच तर हातमोजे घालून, तुम्हाला विचारून. नको म्हणालात तर नाही. सोबत कुणाला बसवायचं असेल तर बसवा.

येताना तीन दिवसांची लघवीची नोंद आणा: किती वाजता, मापाच्या मगात किती, कधी निसटली. रिक्षात बसून भरलेली वही आम्हाला ओळखू येते. त्यात आठ, दहा, बारा असे ठोक आकडे असतात. लघवी एसटीच्या वेळापत्रकाने येत नाही (एसटी तरी कुठे येते).

निसटते म्हणून पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की पिशवीला टोचते, मल कडक होतो आणि पुन्हा कुंथणं आलंच. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या.

पुरुषांनाही ही झोळी असते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळत असेल तर लाजू नका, या. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच एकदा शिकून जा.

लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अचानक तुंबणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं यांपैकी काही असेल तर आमच्याकडे नको, आधी डॉक्टरकडे. शेवटच्या दोन्हींत तर तासभरही थांबू नका.

बाळंतिणींचा गट बुधवारी दुपारी चारला. बाळाला घेऊन या, पाळणा आहे. टॉवेल मात्र घरचा आणा.